धामणखेड घराण्याची विजेची गिटार

श्री कलाप्रेमी संगीत मंडळ,
मु. धामणखेड (बोरी अरबजवळ), ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. १९ जानेवारी १९६४

प्रिय मित्र हिरासिंग राठोड यास,
घनश्याम गावंडे याचा सप्रेम नमस्कार.

पत्राच्या माथ्यावरची छापील अक्षरे पाहून तू चकित झाला असशील. ती यवतमाळहून छापून आणली आहेत. आता मंडळाला कोणी ऐरागैरा समजणार नाही.

कळविण्यास आनंद होतो की गेल्या रविवारच्या सभेत तुझ्या गिटारवादनाला घराण्याचा दर्जा देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ग्वाल्हेरला घराणे आहे, किराण्याला आहे, मग धामणखेडला का नसावे, असा रोकडा सवाल आमचे अध्यक्ष आणि गावचे सरपंच पुंडलिकराव इंगोले यांनी केला.  तेव्हा 'धामणखेड अंगुली घराणे' आजपासून अस्तित्वात आले असे समजावे. अंगठ्याने खर्ज धरायचा, उरलेल्या बोटांनी गाणे वाजवायचे आणि ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवीत आहेत असा भास व्हायचा, हे आपल्या घराण्याचे लक्षण म्हणून लिहून ठेवले आहे. घराण्याला परंपरा लागते. ती आपल्याकडे दोन दिवाळ्यांची आहे.

तू तांड्यावरचा असलास तरी गावाने तुला कधी परके मानले नाही, याचाही ठरावात मुद्दाम उल्लेख केला आहे. बोरीच्या शाळेत आपण एका बाकावर बसत होतो हे मी सभेत सांगितले, तेव्हा टाळ्या पडल्या.

यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला नागपूरहून तीच लाकडी गिटार घेऊन येणे. शिष्य म्हणून आम्ही दोन जण निवडून ठेवले आहेत. त्यांना वाजवता येत नाही, पण बसण्याची ढब चांगली आहे.

तुझा,
घनश्याम (चिटणीस)

नागपूर
९ फेब्रुवारी १९६४

घनश्याम,

तुयं पत्र मिळालं. छापील होतं म्हणून पह्यले वाटलं कोर्टाचं आहे. भीतभीतच फोडलं.

घराणं काढलं ते बरं केलं. पण ज्याच्या नावानं काढलं तो माणूस आता त्या वाटेवर राह्यला नाही, हे तुले कसं सांगू हाच इचार चार रोजापासून करून राह्यलो. सांगतोच.

पीटर्स साहेबायचं तुले मी सांगितलेलं आहे. मी रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यातले दिवे-पंखे जोडतो, तर ते पह्यले रेल्वेतच गार्ड होते. त्यायनंच मले बोटानं गिटार वाजवाले शिकवलं. त्यायच्या पुतण्यानं अमेरिकेतून एक रेकॉर्ड पाठवली. त्याच्यात एक काळा माणूस विजेची गिटार वाजवते अन् वाजवता वाजवता गाते. साहेब म्हणे, याले ब्लूज म्हणतात. म्हणजे उदास माणसाचं गाणं. बायको सोडून गेली आहे अन् हा ठेसनावर उभा आहे, एवढंच त्याच्यात आहे.

पण त्याचा सूर पाह्य. एकच सूर घेते तो, अन् त्याले सोडत नाही. तार बोटानं ओढते, वाकवते, पार रडाले लावते. मग गप्प बसते. ते गप्प बसणं ऐकून माया अंगावर काटा आला. आपण बोटानं वाजवतो तं जागाच रिकामी ठेवत नाही. अंगठा चालू, बोटं चालू, पिठाच्या चक्कीसारखं. लाकडी गिटारीचा सूर छेडला की मरते, म्हणून त्याच्या मांगं दुसरा लावून द्या लागते. विजेचा सूर मरत नाही. तो तुमच्यासाठी थांबून राह्यते.

मी पांढरकवड्याकडच्या सागाची एक फळी सुताराकडून कापून घेतली. पोकळ नाही, भरीव. जुन्या टेलिफोनचं लोहचुंबक, त्याले तांब्याची तार गुंडाळून तारायच्या खाली बसवलं. आवाज वायरीतून एका जुन्या रेडिओत जाते अन् तिथून बाहेर येते. गिटारीची पह्यली तार लय जाड, वाकतच नाही, म्हणून तिथं सितारीची बारीक तार लावली.

अन् आता पंचाईत अशी आहे का मले काही येत नाही. उजव्या हाताची नखं कापून टाकली. अंगठा आदतीनं खाली जाते अन् जिथं लागला तिथं रेडिओ बोंबलते. दोन वर्षं आवाज काढाले शिकलो, आता थांबवाले शिकून राह्यलो. हे त्याच्याहून कठीण आहे.

तुया त्या दोन शिष्यायले म्हणा, ढब सांभाळा.

हिरासिंग

श्री कलाप्रेमी संगीत मंडळ, धामणखेड
दि. २ मार्च १९६४

रा. रा. हिरासिंग राठोड यांस,

तुझ्या पत्राने मंडळावर आकाश कोसळले. तातडीची सभा बोलवावी लागली. ऐन तूर काढायच्या दिवसांत तिला सगळे सभासद हजर होते, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ओळख.

सभेत तुझे पत्र मी वाचून दाखविले. वादनाचा 'ब्लाऊज' नावाचा प्रकार तू शिकतो आहेस हे ऐकताच ज्येष्ठ सभासदांनी माना खाली घातल्या. पुंडलिकरावांनी विचारले, गिटारीले पोट नाही म्हणजे काय? मी सांगितले की भरीव फळी आहे. ते म्हणाले, "मंग तो पाट आहे. त्याच्यावर बसून जेवाव, वाजवाव काहून?" यावर मंडळाने एकमताने पुढीलप्रमाणे ठरविले: अंगुली घराण्यात वीज, रेडिओ, सितारीची तार आणि ब्लाऊज यांना स्थान नाही. पूर्वजांनी घालून दिलेली लाकडी गिटारीची परंपरा अबाधित राखली जाईल.

मित्र म्हणून मी एवढेच विचारतो की तुला वाहवा कमी पडली का? गेल्या दिवाळीत तहसीलदार साहेबांनी स्वतः टाळी वाजविली होती. असे असता माणूस चालत्या गाडीतून उडी का मारतो?

दुसरी बातमी आनंदाची. गावात वीज येत आहे. बोरीच्या रस्त्याला खांब येऊन पडले आहेत. पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेपर्यंत रेघ आखली गेली. तांड्याचा विचार पुढच्या टप्प्यात होईल असे दिसते. त्यात वावगे काही नाही. तांड्यावरची मंडळी दिवेलागणीला जेवून निजतात, त्यांना विजेची घाई नसावी. याबाबत पंचायतीच्या सभेत नेमके काय झाले ते मला नीटसे आठवत नाही. मी सभासद म्हणून हजर होतो, पण कागद लिहिण्यात गुंतलो होतो.

घराण्यात परत ये. दार उघडे आहे.

घनश्याम (चिटणीस)

नागपूर
२४ मे १९६४

घनश्याम,

उत्तराले उशीर झाला. बहिणीच्या, जमनाच्या लग्नासाठी तांड्यावर आलतो. तुयाकडे निरोप पाठवला होता. तू यवतमाळले गेलता म्हणे, शामियान्याच्या कामानं.

पह्यले एक गोष्ट. ते ब्लाऊज नाही, ब्लूज आहे. अन् पूर्वज कोणते रे? दोन वर्षांपह्यले मी गिटार घेतली तवा तूच मले लिहिलं होतं का हे पाद्र्यायचं वाद्य आहे, गावात आणलं तं लोक काय म्हणतीन, पेटी शीक. ते पत्र मी फाडून टाकलं, नाहीतं पाठवलं असतं. दिवाळीत तहसीलदारानं टाळी वाजवली अन् तेच वाद्य तुमच्या पूर्वजायचं झालं. मले राग नाही आला. हसलो. पीटर्स साहेबायले सांगितलं तं ते म्हणे, आमच्या क्लबातही असे लोक आहेत.

आता लग्नाचं सांगतो. तू आमच्या तांड्यावरची लग्नं पाह्यली आहेत. नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, तेही तुले माहीत आहे. रडणं असते ते, पण गाणं असते. जमना याडीच्या गळ्यात पडली. माय माही, रामीबाई, तुले माहीतच आहे कशी आहे. उभ्या जन्मात डोळ्याले पाणी नाही. ती पण गाऊ लागली. त्या दोघीयचा सूर पेटीच्या कोण्या पट्टीत बसत नव्हता. दोन पट्ट्यायच्या मधात कुठंतरी हालत होता, लटकत होता. तोंडातून सुटला तरी खाली पडत नव्हता. मी तिथं माणसायच्या घोळक्यात उभा अन् मले रेकॉर्डवरचा तो काळा माणूस ऐकू येऊन राह्यला. कोठचा कोण तो, त्यानं आमचं ढावलो कवा ऐकलं?

दुसऱ्या दिवशी निंबाखाली बसून लाकडी गिटारीवर तेच वाजवून पाह्यलं. अंगठ्यानं ठेका धरला, बोटानं चाल काढली. अंगुली घराण्याले शोभंन असं. याडी ज्वारी पाखडत होती. ऐकून घेतलं तिनं. मंग म्हणे, "बरं वाजते. पण असं वाटते का पोरगी अजून घरातच आहे."

 नागपूरले आलो अन् सागाची फळी काढली. तेव्हापासून लाकडीले हात लावला नाही.

विजेचं काय ते समजलं नाही. आमच्या तांड्याचे नायक लखीरामजी म्हणे का मागच्या साली साहेब लोक येऊन आपल्याइथं खुंट्या ठोकून गेलते. मंग पुढचा टप्पा कसा? तू कागद लिहीत होता म्हणतोस. मंग कागदात काय लिहिलं ते तं आठवत असंन.

हिरासिंग

श्री कलाप्रेमी संगीत मंडळ, धामणखेड
दि. ११ ऑक्टोबर १९६४

परममित्र हिरासिंग यास अनेक आशीर्वादपूर्वक नमस्कार.

मध्यंतरी चार-पाच महिने पत्र लिहिणे झाले नाही. कामाचा व्याप फार होता. तुझे मागचे पत्र बहुधा पावसात भिजले असावे, शेवटचा भाग वाचता आला नाही.

येत्या १३ डिसेंबरला गावात दिवे लागणार. कळ दाबायला मुंबईहून फार मोठे पाहुणे येत आहेत. त्यांच्या माणसांकडून आम्हांला सूचना आली की करमणुकीच्या कार्यक्रमात 'प्रगतीचे दर्शन' घडले पाहिजे. सभा भरली. कोणी म्हणाले लेझीम ठेवा, कोणी म्हणाले भजन. पुंडलिकराव म्हणाले, लेझमीत वीज कुठं आहे? मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी उभा राहून सांगितले की या जिल्ह्यात विजेवर चालणारे वाद्य वाजविणारा एकच कलावंत आहे आणि तो आपल्या घराण्याचा आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. मार्चमधला ठराव रद्द करण्यात आलेला नाही, कारण तसे केल्यास आपण चुकलो होतो असा अर्थ निघतो. फक्त त्यातल्या 'स्थान नाही' या शब्दांऐवजी 'मानाचे स्थान आहे' असे वाचावे, असे ठरले. घराण्याचे नाव यापुढे 'विद्युत-अंगुली घराणे'. छापील कागद शिल्लक आहेत, 'विद्युत' तेवढे शाईने लिहितो.

तू दोन भाषणांच्या मध्ये थोडा वेळ वाजवावेस. काही उत्साहवर्धक असावे. रडके नको. आणखी एक: तुझ्या रेडिओतून माणसाचे बोलणे मोठे होऊन येते का? येत असल्यास कर्ण्याचा खर्च वाचेल.

तुझाच,
घनश्याम

नागपूर
२५ ऑक्टोबर १९६४

घनश्याम,

येतो. पण फुकट नाही. पैसे नको. तांड्यावर खांब पाह्यजे. बाजारापासून तांडा हाकेवर आहे, तुले सांगाले नको. पाहुणे यायच्या आत नाही झालं तरी चालंन, पण त्या दिवशी त्यायच्या तोंडून तसं जाहीर झालं पाह्यजे. हे पुंडलिकरावायले इचार अन् मले कळव.

रेडिओतून भाषण येत नाही. त्याले तेवढी अक्कल आहे.

अन् उत्साहाचं मी काय वाजवू? अजून अंगठाच पुरता गप्प झाला नाही. जे येते ते वाजवतो.

हिरासिंग

धामणखेड
दि. २ नोव्हेंबर १९६४

प्रिय हिरासिंग,

शब्द मिळाला. पुंडलिकरावांना विचारले. ते विहिरीवर मोटारपंप बसवीत होते. म्हणाले, "होऊन जाईन." मी दुसऱ्यांदा विचारले, तर म्हणाले, "होऊन जाईन म्हटलं ना बाप्पा." म्हणजे झालेच समज. जाहीर करण्याचा मुद्दा पाहुण्यांच्या भाषणात घालण्यासाठी टिपण मी स्वतः पाठवितो.

जाहिराती छापून आल्या. छापखानेवाल्याने 'विद्युत ब्लाऊज वादन' असे छापले आहे. मी दुरुस्त करायला सांगणार होतो, पण बाजारात लोक ती वाचायला थांबत आहेत, तेव्हा राहू दिले.

घनश्याम

नागपूर
२० डिसेंबर १९६४

घनश्याम,

तू मांडवाच्या मांगं जेवणाच्या पंगतीची व्यवस्था पाहात होता, म्हणून समोर काय झालं ते तुले माहीत नसंन. कोणी सांगितलं असंन तं आपल्या सोयीनं सांगितलं असंन. म्हणून लिहितो.

पाहुण्यायनं कळ दाबली. बाजारात दिवे लागले. लोकायनं टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. वायरीचं काम करतो मी, दिवा लागला का मले आनंदच होते. तांड्यावरचे सगळे सगळ्यात मांगं बसले होते. नायक लखीरामजी फेटा बांधून आलते. याडी होती. जमना माहेरी आली होती, तीही होती. मी त्यायले सांगून ठेवलं होतं का आज आपलं नाव घेणार आहेत.

नाव घेतलं. पाहुण्यायच्या हातात कागद होता. त्यायनं वाचलं का धामणखेड गावानं जिल्ह्यासमोर आदर्श ठेवला. तांड्यासाठी मंजूर झालेले खांब ग्रामपंचायतीनं एकमतानं बाजारपेठ अन् संत्र्याच्या बागेकडे वळवले, त्याच्यानं उत्पादन वाढंन. असा दूरदर्शी ठराव मांडल्याबद्दल सूचक श्रीयुत घनश्याम गावंडे यायचं मी अभिनंदन करतो.

लखीरामजीयले कमी ऐकू येते. त्यायनं बाजूच्याले इचारलं, "आपलंच नाव घेतलं का रे?" तो म्हणे, हो. लखीरामजीयनं टाळ्या वाजवल्या.

मंग मले बोलावलं. मी फळी गळ्यात अडकवली.  घरून एक मारू बिहाग अन् एक कवायतीची चाल तयार करून आणली होती. दोन्ही आठवलं नाही. पह्यला सूर लावला अन् तार ओढली, अन् ते ढावलो निघालं. मी काढलं नाही, निघालं. अंगठा हलला नाही. इतक्या महिन्यांत पह्यल्यांदा तो आपल्या जागी बसून राह्यला. एक सूर, मंग थांबणं. थांबलो तं सारा बाजार थांबलेला.

त्या थांबलेल्या जागेत मांगून याडीचा आवाज आला. मंग जमनाचा. मंग सगळ्या बायायचा. तांड्यावरून कोणी जात नव्हतं, कोणाले निरोप द्याचा नव्हता, तरी त्या गाऊ लागल्या. मी सूर वाकवत गेलो, त्या वाकवत गेल्या. कोण कोणाच्या मांगं होतं ते मले नाही सांगता येत.

पाहुण्यायनं डोळे पुसले. खरंच पुसले, माणूस वाईट नसावा. पुंडलिकरावायले इचारलं का हे काय गाणं आहे. पुंडलिकराव म्हणे, "आनंदाचं आहे साहेब. दिवे लागले म्हणून गाऊन राह्यल्या." पाहुणे म्हणे, मंग अजून एकवार होऊ द्या.

मी रेडिओची वायर काढून घेतली. लोकायले वाटलं वीज गेली. वर पाह्यलं तं दिवे चालूच होते.

तू पंगतीतून बाहेर आला तवा मी एष्टीच्या टपावर रेडिओ बांधत होतो. तू हात केला. मी पाह्यला.

आता पत्र लिहू नको.

हिरासिंग

श्री कलाप्रेमी संगीत मंडळ, धामणखेड
दि. ३ जानेवारी १९६५

प्रिय हिरासिंग,

तुझा गैरसमज झाला आहे. सूचक म्हणून कोणाचे तरी नाव घालावेच लागते. त्या दिवशी लेखणी माझ्या हातात होती, एवढाच माझा संबंध. शिवाय पुढच्या टप्प्यात तांडा आहेच.

यवतमाळच्या एका साप्ताहिकात कार्यक्रमाचा वृत्तान्त आला असून 'तांड्यावरील महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू' असा मथळा आहे. कात्रण सोबत जोडले आहे. मंडळाची कीर्ती त्यामुळे दूरवर गेली.

उत्तर पाठविणे.

घनश्याम (चिटणीस)

धामणखेड
१४ फेब्रुवारी १९६५

हिरासिंग,

कार्ड लिहीत आहे. उत्तर आले नाही. मंडळाच्या सभेत विचारतात की घराण्याचे काय. मी सांगतो की कलावंत दौऱ्यावर आहे.

होळीला तांड्यावर येशील का? आलास तर कळव.

घनश्याम

धामणखेड
२१ मार्च १९६५

हिरासिंग,

छापील कागद संपले नाहीत, पण हे साध्या कागदावर लिहून राह्यलो. तू म्हणत होता ना का मी पुण्याची भाषा लिहितो. आज नाही लिहीत.

होळीच्या दिवशी मी तांड्यावर गेलतो. तू आला असशील असं वाटलं. तू नव्हता. पोरं डफ घेऊन लेंगी, होळीची गाणी, म्हणत होती, मले पाहून थांबली. मी परत फिरणार होतो, तेवढ्यात तुया मायनं हाक मारली. म्हणे, हिराचा दोस्त आला अन् दारातून जाते काय. बसवलं मले. भाकर वाढली. तिच्याजवळ कंदील होता, त्याची काच धुऊन तिनं माया ताटाजवळ ठेवला अन् आपण अंधारात बसली.

मी वाट पाहात होतो का ती काही बोलंन. ठरावाचं, भाषणाचं. मनात उत्तर तयार होतं. टप्प्याचं, उत्पादनाचं, सगळं. दिवेलागण झाली अन् तिकडे बाजारातले दिवे लागले. तिच्या दारातून सारे दिसतात रे. ओळीनं. माया घरासमोरचा पण दिसते. मले माहीत नव्हतं.

ती तिकडे पाहून म्हणे, "तुमच्या दिव्यायचा उजेड इथवर येते. चांगला दिसते."

तिनं ते टोमणा म्हणून नाही म्हटलं. टोमणा असता तं मी उत्तर दिलं असतं. भाकर ताटातच ठेवली. पाणी पिऊन उठलो. तिनं इचारलं, तिखट झालं काय. मी हो म्हटलं.

परवा पंचायतीची सभा होती. मी ठराव मांडला का बाजारातले अन् बागेकडचे खांब काढून तांड्याकडे न्यावे, नाहीतं नवे मागावे, अन् ते येत नाहीत तोवर बाजारात नवीन एकही दिवा लावू नये. मांडला अन् हात वर केला. दुसरा हात वर आला नाही. मी तसाच हात वर करून उभा राह्यलो.  मंग पुंडलिकरावायनं लिहिणाऱ्याले सांगितलं, "लिहा. सभासद गावंडे यांची प्रकृती बरी नसल्यामुळं सभा तहकूब."

आता सारं गाव मले प्रकृती इचारून राह्यलं. घरचे पण काढा देऊन राह्यले.

मंडळाचं चिटणीसपण काढून घेतलं. घराणं बरखास्त झालं. पुंडलिकराव म्हणे, गिटारीत राजकारण शिरलं, आता आपण बँड घेऊ. बँडवाले फक्त वाजवतात. ते दोन शिष्य बँडात गेले. ढब कामी आली.

पुढं काय कराव मले समजत नाही. अर्ज लिहून पाह्यला, तो चार पानं झाला अन् त्याच्यात तांड्याचं नाव तिसऱ्या पानावर आलं. फाडून टाकला.

त्या दिवशी तू काय वाजवलं ते मी पंगतीत उभा राहून ऐकलं होतं. मायं वाढपाचं भांडं हातातच राह्यलं होतं. हे तुले सांगाचं राहून गेलं होतं.

घनश्याम

नागपूर
११ एप्रिल १९६५

घनश्याम,

तुयं पत्र येऊन पंधरवडा झाला. रोज वाचून ठेवून देत होतो. काल याडीचं पत्र आलं, जमनाच्या घरवाल्यानं लिहिलेलं. त्याच्यात लिहिलं आहे का घनश्याम आला होता, उपाशी गेला, अन् तू त्याले उत्तर काहून देत नाहीस. आमची याडी ठराव मांडत नाही, हुकूम करते. म्हणून लिहून राह्यलो.

माया मनातला राग गेला असं नाही. बाजारात बसून लखीरामजीयनं वाजवलेल्या त्या टाळ्या मले अजून ऐकू येतात. ते जाईन तवा जाईन.

इकडचं सांगतो. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमंदी शनिवारी मी फळी वाजवतो. पीटर्स साहेब पेटीसारखा मोठा पियानो वाजवतात, एक फायरमन ढोल वाजवते. तिथं लोक नाचतात. ढावलोवर नाचणारे लोक मी पह्यल्यांदा पाह्यले. आधी वाईट वाटलं. मंग साहेब म्हणे, रडून झाल्यावर माणूस काय करते? मले पटलं नाही, पण मी ठेका थोडा वाढवला. चांगलं वाजलं.

आता कामाचं. अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, चार दिवसाची सुट्टी काढली आहे. तांड्यावर येतो. अर्ज तू लिहू नको, तुया हाताले लांबण आहे. मी लिहितो. तीन ओळी. तांड्याचे खांब मंजूर होते. ते दुसरीकडं नेले. ते परत द्या. बस.

तो घेऊन आपण दोघं यवतमाळले साहेबाकडं जाऊ. याडी अन् लखीरामजी पण येतो म्हणतात, एष्टीत बसवून नेऊ. पुंडलिकराव तुले बोलणं बंद करतीन, तुया घरी त्रास होईन. तुया वावराचं पाणी त्यायच्या विहिरीवरून येते, हे मले माहीत आहे. म्हणून आजच इचारून घेतो, मंग पाय मांगं घेऊ नको.

अर्जाखाली तांड्याचे सगळे अंगठे लावतीन. पण सगळ्यायच्या वर, पह्यली सही तुयी पाह्यजे. पूर्ण नावानं, अन् हुद्दा न लिहिता.

येतोस का ते कार्डावर कळव. एका शब्दात.

हिरासिंग